आईनं न घेतलेलं नाव

— नाही, बसा तुम्ही, मीच उभा राहतो. बसवत नाही मला. आत आई आहे माझी, वच्छलाबाई. आम्ही एरंडोलचे. शेतात पायाला काटा लागला, त्यात अंगात साखर — गुडघ्यापर्यंत काळा पडलाय पाय. आता नेतील कापायला. कापला तर राहते, नाही कापला तर जाते — इतकं सरळ आहे, मग मला कशाला विचारायचं? तुम्ही नाही विचारलं, खरंय. मीच सांगतोय.

ती नको म्हणते. 'जशी उनू तशीच जासू', आले तशीच जाईन म्हणे — धरूनच बसलीय. डॉक्टर म्हणाले, शुद्धीवरचं माणूस नको म्हणालं तर मी हात लावणार नाही. बरोबर आहे त्यांचं. पण शुद्ध आहे का, ते बघावं लागतं ना? बघितलं त्यांनी. भला माणूस, पुण्याकडचा. आजी, नवऱ्याचं नाव काय? गप्प. मुलाचं? गप्प. परत परत विचारलं, तर पदर ओढला तोंडावर आणि भिंतीकडे वळली. तिच्यासमोरच म्हणाले, यांना काही कळत नाहीय, तुम्ही मुलगा ना, तुम्ही सही करा. केली. कोणीही केली असती. तुम्ही नसती केली?

आता तसं पाहिलं तर — आपल्याकडे नवऱ्याचं नाव कोणती बाई घेते? लग्नाकार्यात उखाण्यात घेतलं तर घेतलं. आणि मला ठेवलंय आजोबांचं, म्हणजे तिच्या सासऱ्याचं नाव, मोतीलाल. ते कसं घेणार ती? मला जन्मभर नानाच म्हणत आली. शाळेत घालायला नेलं तेव्हा मास्तरांना माझं नाव शेजारणीनं सांगितलं. — मग हे डॉक्टरांना सांगायचं होतं? कशाला? त्यांनी कुठं मला विचारलं? धुळ्याच्या बहिणीला तार केलीय, सुनंदाला. ती यायच्या आत उरकलं म्हणजे बरं — म्हणजे, उशीर नको, डॉक्टरच म्हणाले. सुनंदा आली की बोलत बसेल. आईला बठ्ठं कळतं, सगळं कळतं म्हणेल. कळतंच हो, सकाळीच मला विचारलं, कपाशीची निंदणी झाली का — पण पायाचं नाही कळत. मला आई पाहिजे. एका पायाची चालेल, ओट्यावर बसून शिव्या देईल मला, देऊ दे. यात माझं काय चुकलं?

आलं बघा स्ट्रेचर. सरका जरा. आई, घाबरू नको, मी इथंच — काय? काय म्हणतेय? झिपरू. बाबांचं नाव. परत म्हणतेय — झिपरू. मोतीलाल. मना पाय कापू नका, मी शुद्धीवर शे.

गेलं आत. दार लावलं. डॉक्टर पुढे होते, त्यांच्या कानावर नाही गेलं. तुमच्या गेलं? माझं नाव तिच्या तोंडून मी कधी — नाही, तापात बडबडते ती. तुम्ही काही ऐकलं नाही. बघताय काय असं? जा ना तुम्ही, खाली चहा मिळतो. जा.