विकलेल्या जमिनीतली वाट

तुम्ही कधी विकलेल्या जमिनीतून हक्कानं चालत गेलाय का?

भुकूमची ओढ्याकाठची जमीन विकताना आमच्या सासूबाई अडूनच बसल्या होत्या. "बायकांची धुण्याची वाट खुली ऱ्हाईल, असं कागदावर लिवा. न्हाईतर अंगठा देणार न्हाई." वकिलांनी ती अट खरेदीखतात घातली. सासूबाई गेल्या, जमीन पुढं दोनदा विकली गेली आणि परवा तिथल्या फाटकाला कुलूप दिसलं.

लेक मोबाईलवर राज्यांच्या लढाईचा खेळ खेळत होती. म्हणाली, "आई, आमच्या खेळात राजा बदलला की जुना तह संपतो. नवा मालक कशाला ऐकेल?"

तरी जाऊबाईंना घेऊन मी गेले. नव्या मालकांनी स्वतःचं खत काढलं. त्यातही तीच ओळ होती. "काकू, अट जमिनीबरोबर येते, मला माहीत आहे. पण दोन वर्षांत एक बाई इकडे फिरकली नाही. वाट हवीय कोणाला?"

घरोघरी नळ आल्यापासून खरंच कोणी गेलं नव्हतं.

जाऊबाई म्हणाल्या, "सकाळी कुलूप काडून ठिवा, दादा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉशिंग मशीन बंद ठेवून आम्ही सात बायका धुण्याच्या बादल्या घेऊन त्या फाटकातून ओढ्यावर गेलो.