अजिंठ्याला हरवलेल्या बाई

सहल म्हणलं की मला नकोच वाटतं, गड्यांनो. यंदा टेंभुर्णीहून शाळेची पोरं घेऊन अजिंठ्याला गेल्तो. निघायच्या वेळी पोरं सगळी बराबर, पण आमच्या जाधव बाईच न्हाईत! फोन लागंना. बाईंना शुगर, कुठं चक्कर येऊन पडल्या का काय? मी परत लेण्यांकडं पळालो. तर बाई निजलेल्या बुद्धापुढं शांत बसलेल्या.

"बाई, जल्दी चला, लेणी बंद करून राह्यलेत!"

"सर, दरसाली येते, पण पोरांची डोकी मोजण्यातच दिवस जातो. आता रिटायर होईन. बुद्धाचा चेहरा आज पहिल्यांदा बघून राह्यले."

मंग मी एकटाच खाली आलो अन् पोरांना म्हणलं, "बसा रे निवांत. आज बाईंची सहल हाय."