थेंब नाय पडायचा

ऑक्टोबरात कळसूबाईला जाणार असाल तर जा, पण हवामान बाळासाहेबाला विचारू नका.

बाळासाहेब माझा मित्र, दिंडोरीचा द्राक्षवाला. छाटणी झाली की हा दिवसातून दहा वेळा फोनवर पाऊस बघतो, कारण फवारणी धुऊन गेली की बागेचं वाटोळं. म्हणून पायथ्याला मी आणि सुनील रेनकोट सॅकमध्ये भरत असताना तो म्हणाला, "वझं कशाला नेता? आज थेंब नाय पडायचा. सकाळीच बघितलंय," तेव्हा आम्ही मुकाट्यानं रेनकोट गाडीत ठेवले.

दुपारी उतरताना आभाळ काळंकुट्ट झालं. आम्ही लोखंडी शिडीच्या मध्यावर, आणि वीज कडाडली. हातातलं लोखंड धरवेना आणि सोडवेना. वरून सुनील ओरडला, "थांबू नको, उतर!" कसेबसे खाली आलो, शिडीपासून लांब पळालो आणि उकिडवे बसलो. पुढची वीज शिडीच्या वरच्या कड्यावर पडली. मग धो धो पावसात भिजतच गाडी गाठली.

गाडीपाशी बाळासाहेबानं पहिला फोन बायकोला लावला. "पाऊस झाला का गं?"

"छे, कडक ऊन हाय."

शर्ट पिळत तो आमच्याकडे वळला. "बघा! अंदाज बरोबर निघाला."

सुनीलनं अगदी शांतपणे विचारलं, "तू सकाळी कुठला पाऊस बघितलास?"

"बागेवरचा. इथं काय फवारायचं होतं?"