बँकेच्या होकाराआधीचा मुहूर्त

१९९८. ऑकलंडमध्ये हिल्सबरोच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे एक मराठी जोडपं उभं होतं.

"हरीश, शुक्रवारी नव्या घराची वास्तुशांत आणि बँकेचा अजून होकार नाही?"

"घर विकणारी बाई तर हो म्हणाली ना, विनया!"

"तिचं कर्ज घराच्या किमतीपेक्षा जास्त आहे. बँकेनं तूट सोसली, तरच ती विकू शकते. बँक शेवटच्या दिवशीही नाही म्हणू शकते."

"मुहूर्त चांगला होता गं."

"बँक पंचांग बघते का? आणि आपलं भाड्याचं घर?"

"सोडतो म्हणून कळवलंय."

"धन्य आहे तुझी! त्या नव्या घराचं छप्पर तरी बघितलंस?"

"बाथरूमवर गळतं. तिनंच दाखवलं."

"म्हणजे बाई खरं बोलते."

"हो. आज भाड्याच्या घरासाठी मुदत मागतो. गुरुजींनाही नको म्हणतो."

"गुरुजी येऊ देत. वास्तुशांत नको, सत्यनारायण करू."

"घर अजून तिचं आहे, विनया."

"मग तिच्या घरी, तिच्यासाठी. बँकेची वाट तीही बघतेय ना?"

"तिला काय सांगू?"

"सांग, शिऱ्याचं सगळं आम्ही आणतो, शेगडी तेवढी तुझी."