घराचे मत आणि लॉण्ड्रीचे शटर

नाव विचाराल तर गल्लीत मला सगळे कडकअण्णा म्हणतात. तेच लिहावे, दुसऱ्या नावाने मला टपालवालाही ओळखत नाही. वय चौसष्ट, धंदा लॉण्ड्री, राहणार दुकानाच्याच मागच्या दोन खोल्यांत. घरात मी, मुलगा व सून. मी ठाण्यात समक्ष हजर राहून, कोणाचाही दबाव नसताना सांगतो की,

निवडून आलेल्या नव्या मुख्यमंत्री बाई पुढच्या आठवड्यात कारभार हाती घेणार आहेत. त्यांच्याविषयी लोकांना काय वाटते याचा कौल रोज सायंकाळी टीव्हीवर दाखवतात. टीव्ही माझ्या काउंटरच्या वर आहे, त्यामुळे शेजारचा चष्मेवाला, समोरचा बेकरीवाला आणि निम्मी गल्ली आकडा बघायला माझ्याकडे जमते. सोमवारी शंभरातल्या एकसष्ट जणांना बाईंकडून खूप अपेक्षा होत्या. बुधवारी आकडा चौसष्टवर गेला, तेव्हा चष्मेवाल्याने मला उचलून घेतले व माझ्या कमरेत उसण भरली. त्याबाबत माझी तक्रार नाही. इतका आनंद मला मुलाच्या लग्नातही झाला नव्हता. इस्त्री करताना मी मोठ्याने गात होतो, हे गिऱ्हाइके सांगतील.

हवालदार बाईंनी मुद्द्यावर येण्यास सांगितले, म्हणून येतो.

आमचे दुःख एकच होते. एवढ्या लोकांना विचारतात, पण आमच्या गल्लीत काळं कुत्रंही फिरकलं नव्हतं. मी सर्वांसमोर म्हणालो होतो की एकदा आपल्याला विचारू द्या, आकडा सत्तरीला नेऊन टेकवतो. मुलगा म्हणाला, बाजारात तुरी. मी त्याला कपडे पोचवायला पिटाळले.

काल सायंकाळी सहाच्या सुमारास सर्व्हेवाली मुलगी दुकानात आली. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल. नव्या बाईंविषयी दोनचार प्रश्न विचारू का, म्हणाली. मला आभाळ ठेंगणे झाले. मी तिला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला. चष्मेवाल्याने रस्त्यावर जाऊन बातमी फोडली आणि बघता बघता दारात ही गर्दी. प्रत्येकाला आपले मत सांगायचे होते. बेकरीवाला तर हात धुऊन, केस विंचरून आला, जसा काही फोटोच काढायचा आहे.

मुलगी म्हणाली, एका घरातून एकालाच विचारायचे. आणि पुढे पुढे करणाऱ्याला नाही, तर घरातल्या मोठ्या माणसांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येतो त्याला. मी म्हणालो, माझा उद्याच आहे. सून आतून घड्या घातलेले कपडे आणत होती. ती म्हणाली, बाबांचा गेल्याच आठवड्यात झाला, केक मीच आणला होता. मुलाचा अजून लांब आहे. सुनेचा येत्या रविवारी आहे. हे मला माहीत नव्हते.

मी मुलीला समजावले की आमच्या घराचे मत एकच आहे आणि ते माझ्यापाशी आहे, सुनेला राजकारणातले काही कळत नाही. ती नियमावर अडून बसली. लोक आत घुसत होते, काउंटरची काच तडकायला आली, म्हणून मी शटर खाली ओढले. कोंडण्याचा हेतू नव्हता. शटर ओढल्यावर मी कुलूप लावले, हे खरे आहे. किल्ली माझ्या खिशात होती, हेही खरे आहे.

आत आम्ही तिघे, मी, सर्व्हेवाली मुलगी व सून; मुलगा कपडे पोचवायला गेला होता. बाहेरून पत्र्यावर थापा पडत होत्या, आमचंही लिहा म्हणून. सगळा आनंदाचा गोंधळ होता, एक शिवी कोणी दिली नाही.

मुलीने सुनेला विचारले, नव्या बाईंकडून अपेक्षा किती? खूप, बऱ्यापैकी, कमी, की अजिबात नाही? मी शेजारून खूप म्हणालो. मुलीने सुनेकडे बघत पुन्हा विचारले. सून म्हणाली, "कमी."

मला हसू आले. मी म्हणालो, अगं, नीट विचार करून सांग. ती म्हणाली, कमी. मग मुलीने विचारले, बाईंनी पहिले काम कोणते करावे? सून म्हणाली, संध्याकाळची सातची बस परत सुरू करावी.

येथे सांगणे भाग आहे की सून पूर्वी दवाखान्यात रक्त तपासणीच्या कामावर होती. दोन वर्षांपूर्वी तिने नोकरी सोडली. घराच्या ओढीने सोडली, असे मी गल्लीभर कौतुकाने सांगत आलो. ती जे बोलली ते मुलीकडे बघून बोलली, माझ्याकडे नाही.

"मागच्या निवडणुकीतही आकडे असेच चढले होते. बाबा असेच नाचले होते. नंतर बस बंद झाली, माझी नोकरी गेली. का गेली, हे घरात कुणी विचारलं नाही."

त्यानंतर मी मुलीच्या हातून मोबाइल काढून घेतला. मी तो हिसकावला, असे तिने लिहून दिले आहे. तसे समजावे. मला कमीच्या जागी खूप करायचे होते, पण चष्मा नसल्याने अक्षर दिसेना. ठाण्याला फोन आतूनच गेला. तो कोणी केला हे मला माहीत आहे. त्याबाबतही माझी तक्रार नाही. पोलीस आले तेव्हा गर्दीला वाटले, सर्व्हेवाले आणखी आले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कुलूप काढले. मोबाइल परत दिला. मुलीने आधी उत्तर तसेच आहे का ते पाहिले. मी तिची माफी मागितली आहे, येथेही मागतो.

आज ठाण्यातल्या टीव्हीवर आकडा सहासष्ट आला. बाहेर गल्लीतले लोक माझ्यासाठी थांबले आहेत, त्यांचा जल्लोष आतपर्यंत ऐकू येतो. मलाही आनंद झाला, खोटे कशाला सांगू. पण राहिलेल्या चौतिसांकडे मी याआधी कधी पाहिले नव्हते. बाईंना विरोध करणारे असतील, एवढेच मी धरून चाललो होतो.

मुलीच्या साहेबांचे म्हणणे, दुसऱ्याने मध्ये तोंड घातलेले उत्तर बाद होते, सुनेचेही बाद होईल. काल मला नेमके हेच हवे होते. आज माझी त्यास हरकत आहे. पुन्हा विचारल्याशिवाय चालत नसेल तर पुन्हा विचारावे. मुलगी येथेच आहे, सूनही आली आहे.

जबाब मला वाचून दाखवला, मी बोललो तसाच आहे. सहीआधी एक ओळ वाढवण्यास मी सांगितले, ती अशी: मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसतो, सुनेला आत पाठवा.