सोमवारची सागाची पट्टी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय केशवराव पाटील, आज निवृत्त होणारे आपले मुख्याध्यापक आदरणीय नागोराव सर, सोमवारपासून त्यांच्या खुर्चीत बसणाऱ्या सुवर्णा मॅडम, मंचावरचे सर्व मान्यवर, समोर बसलेले आईबाप, आणि फरशीवर मांड्या आवळून बसलेल्या माझ्या धाकट्या भावंडांनो,

माझं सगळं बदललं ते चार वर्षांपूर्वीच्या एका सोमवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. याच सभागृहात. आता जिथं हारांचं टेबल आहे ना, तिथं.

त्याआधी एक दुरुस्ती. निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावामागं इंजिनिअर छापलंय. देवानंद सर, तुम्ही प्रेमानं छापलं, पण मी दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडलं. सध्या भैंशाच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर उभा राहतो. हसा, हसा. मीही हसलो होतो.

आत्ता केशवराव काका म्हणाले, नागोराव सरांनी एकतीस वर्षांत एकाही लेकराला हात लावला नाही. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. कारण ते खरं आहे. सरांनी कुणालाच मारलं नाही. सरांनी आम्हाला एकमेकांना मारायला लावलं.

पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आपल्या शाळेत शनिवारी परीक्षा असते. सोमवारी प्रार्थनेनंतर नंबर वाचले जातात. त्या आठवड्यात ज्यानं ज्याला मागं टाकलं, त्यानं त्याच्या तळहातावर ही पट्टी मारायची. ही. मखमलीच्या डब्यातली. अस्सल सागाची, दीड फूट. जोर कमी वाटला तर सर शांतपणे म्हणायचे, "परत." आवाज कधी चढला नाही हो सरांचा. रविवारी होस्टेलवर आम्ही मिठाच्या पाण्यात हात बुडवून बसायचो, कातडी घट्ट व्हावी म्हणून. आणि झोपताना हात काखेत. अजूनही मी तसाच झोपतो.

निकाल? निकाल खोटे नाहीत. कापूस वेचणाऱ्या बायांची पोरं डॉक्टर झालीत, मी त्यांना ओळखतो. तिसऱ्या रांगेतल्या ताराबाई मावशी मला परवा म्हणाल्या, "जीवन, ह्या शाळेनं माह्या पोरींच्या हातात पुस्तक देल्लं, नाई तं खुरपं असतं." मावशी, तुमचं म्हणणं मी मानतो. म्हणूनच तुमच्यासमोर बोलतोय. तुमच्या थोरल्या पोरीच्या त्याच हाताचं बोलतोय.

मावशींची ही थोरली, मैत्री, माझ्या वर्गात होती. ती पहिली, मी दुसरा. दोन वर्षं असंच. लोकांना वाटायचं माझी अक्कल तेवढीच. खरं सांगू? मी दर शनिवारी एक गणित सोडून यायचो. येत असलेलं. तिच्या पुढं गेलो तर सोमवारी तिच्या हातावर पट्टी मारावी लागेल म्हणून. हे मी तिला कधी बोललो नाही. आज माईकवर बोलतोय. अध्यक्ष महाराज, एवढी घंटी वाजवू नका, वेळ संपली की मी आपणच जाईन.

तिला ते कळलं होतं. दहावीच्या परीक्षेला एकोणीस दिवस राहिले होते. सरांनी जाहीर केलं, शेवटच्या शनिवारी जो पहिला येईल त्याला हैदराबादच्या पॉलिटेक्निक कॉलेजात फुकट जागा. त्या शनिवारी मी नेहमीसारखं एक गणित सोडलं. तिनं दोन सोडली.

सोमवारी माझं नाव पहिलं वाचलं. तिनं हात पुढं केला आणि हसली. हसली! मला वाटलं, हिनं मला भीक घातली. दोन वर्षं मी जपलं, आणि हिनं एका सकाळी ते चव्हाट्यावर मांडलं. मी पट्टी हळूच टेकवली. सर म्हणाले, "परत." मी परत टेकवली. सर म्हणाले, "जीवन, पहिला आलेला असा मारत नाही."

इथं मी सरांवर सगळं ढकलू शकतो. ढकलणार नाही. मला राग आला होता. मी पट्टी उभी धरली, धारेवर, आणि होती नव्हती ती ताकद लावून हाणली. बोटाचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. ओली काडी मोडल्यासारखा नाही, वाळलेली मोडल्यासारखा. ती खाली बसली, ओरडली नाही. आणि सर म्हणाले, "शाब्बास."

तिनं दहावी डाव्या हातानं लिहिली. मी हैदराबादला गेलो, तिच्या जागेवर. तिथं दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत एका सरांनी एका पोराच्या पाठीत पट्टी हाणली. तो आवाज ऐकला आणि पुढचं मला आठवत नाही. चार जणांनी ओढून सोडवलं म्हणतात. त्या सरांचे दोन दात टेबलाखाली सापडले. शाब्बास म्हणायला तिथं कुणी नव्हतं.

नागोराव सर, मान वर करा. आज मी तुम्हालाच मारायला आलो होतो. हो. शाल घालायला जवळ यायचं आणि हीच पट्टी, धारेनं, तुमच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर. रात्रंदिवस मशीनसमोर तेवढंच मोजत होतो.

सकाळी तामसीहून येणाऱ्या बसमध्ये मैत्री भेटली. चार वर्षांत पहिल्यांदा बोलली.

"काऊन चालला तिकडं?"

"भाषण द्यायला."

"मंग हात काऊन काखेत दाबून राह्यला?"

मी सांगून टाकलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्याले मारशीन तं त्याचाच पहिल्या नंबरचा इद्यार्थी निंगशीन. येवढंच शिकला का बे तू माह्या बोटावर?"

देवानंद सर, माईक ओढू नका. बसा. बसा म्हणतो ना! पट्टी हातात आहे माझ्या, उगाच जवळ येऊ नका.

आता कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे माजी विद्यार्थ्यांतर्फे ही पट्टी मी सुवर्णा मॅडमच्या हाती द्यायची आहे, परंपरा पुढं चालावी म्हणून. समोर नववीतली शुभांगी बसलीय, मैत्रीची धाकटी बहीण. परवा सोमवार आहे. तिच्या शेजारी तिची मैत्रीण बसलीय, वेण्या एकमेकींना बांधल्यासारख्या दोघी. या दोघींतली कोण कुणाला मारणार? मॅडम, सांगा. तुम्ही हात पुढं केला होता, आता मागं का घेतला? बरं केलं. तसाच मागं ठेवा.

ही मोडत नाही. सकाळी मंचामागं गुडघ्यावर मोडायला बघितली, गुडघा सुजला. म्हणून मी ही घेऊन चाललो. ही चोरी आहे. ज्यांना लिहून घ्यायची त्यांनी लिहून घ्या, जीवन, मुक्काम भैंसा.

शुभांगी, सोमवारी हात खिशात ठेव. कुणी कितीही शांत आवाजात म्हणालं, "परत," तरी.

आपण सगळ्यांनी ऐकून घेतलं, आभार. मंडप घालणाऱ्यांचे, चहा करणाऱ्या बायांचे आभार. नागोराव सर, शिकवलंत त्याचे आभार, त्यातलं गणित तेवढं ठेवतो. बोलताना कुणाचा मान राहिला नसेल तर क्षमा करा. नाही केलीत तरी चालेल, ज्या एका माणसाची हवी आहे ती शेवटच्या बाकावर दाराजवळ बसलीय, तिच्याकडं मी अजून मागितलेली नाही. इतक्या लोकांत मागणार नाही.

मैत्री, उठू नको. शुभांगीचं बक्षीस बघून ये. पाय जरा आत घे, मला जाऊ दे.

माईक इथंच ठेवतो. मागं आवाज येईल, दचकू नका. दार जड आहे, ते मीच लावून घेतोय.