नुसतं मनात

मेंदूच्या तपासणीला आलेल्या शिक्षिकाबाईंच्या समोरच्या बाकावर दोन भाऊ बसले होते. थोरला सुतार. अपघातापासून त्याचा उजवा हात लुळा पडला होता. अपघाताच्या वेळी गाडी धाकटा चालवत होता, एवढं बाईंना मघापासूनच्या बोलण्यावरून कळलं होतं.

"दादा, आत काय झालं?"

"डॉक्टर म्हणाले, हात हलत नसला तरी हलवतोय असं नुसतं मनात आणा. मूठ वळली, उघडली. यंत्राच्या पडद्यावर काहीच दिसेना."

"म्हणजे संपलं?"

"ऐक तरी. मग म्हणाले, अगदी जिवापासून करावंसं वाटेल ते करा. तेव्हा हात हलवणारा मेंदूचा भाग जागा झाला. आशा आहे म्हणाले. रोज हेच करायचं."

"मग तोंड का पाडलंयस? रंधा मारलास ना मनात?"

"नाही."

"मग?"

"सोड ना."

"सांग, दादा."

"तुझ्या थोबाडीत मारली."

बाईंनी चटकन वर पाहिलं.

"जोरात?"

"होता नव्हता तेवढा जोर लावून."

धाकटा उठला आणि दादासमोर फरशीवर मांडी घालून बसला.

"मग रोज असाच समोर बसेन. तोंड नाही फिरवणार."